पाळक नसताना

साहेब नाहीत, आता काय? हा आपल्या चळवळीचा जुना रोग आहे. पुढारी दिल्लीला गेला की शाखा बंद. पुढारी आजारी पडला की मोर्चा रद्द. पुढारी फुटला की गट फुटला, आणि गट फुटला की पोरं टपरीवर बसून एकमेकांची उणीदुणी काढणार. आयुष्यभर मी हे बघत आलोय. म्हणून या खेपेला आपल्या गटांचा इतिहास बाजूला ठेवतो आणि एका चर्चची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं चर्च. त्यांचा पाळक जगभर गाजला. पण मला त्याच्यापेक्षा तो नसताना काय झालं त्यात रस आहे.

कुणी तरी लगेच म्हणेल, अरे बाबा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, चर्चचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे. तिथल्या देवाशी मला कर्तव्य नाही. मला कर्तव्य आहे ते बाकावर बसलेल्या माणसांशी. गुलामी १८६५मध्ये कायद्याने संपली, पण काळ्यांच्या हातात काय आलं? शेत गोऱ्याचं, दुकान गोऱ्याचं, कोर्ट गोऱ्याचं, शाळेचा पैसा गोऱ्याच्या मर्जीचा. आपली म्हणावी, आपल्या वर्गणीतून उभी केलेली, आपल्याच माणसाच्या हाती किल्ली असलेली अशी एकच इमारत गावात असायची. ती म्हणजे चर्च. सभा तिथे, वर्गणी तिथे, मयताचा फंड तिथे, मतदार यादीत नाव कसं घालायचं ते शिकवणंही तिथेच. आपल्याकडे जे काम समाजमंदिराने करायचं असतं आणि क्वचितच होतं, ते.

दोन शब्द आधी सांगून ठेवतो. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक पास्टरला पाळक म्हणतात आणि चर्चच्या सभासदांना मंडळी. पाळक म्हणजे मेंढरं राखणारा. म्हणजे मंडळी काय झाली ते ज्याचं त्याने ओळखावं. तिकडच्या चर्चेसमध्ये पाळकाला काही वर्षांनी मोठी रजा द्यायचीही रीत आहे. रजेत त्याने वाचावं, फिरावं, दमलेला जीव ताजा करावा. प्रश्न असा की तेवढे दिवस मेंढरं काय करतात?

अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी. तिथल्या डेक्स्टर ॲव्हेन्यूवर, विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर, विटांचं एक चर्च आहे. डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च. मंडळीची स्थापना १८७७ची. पहिल्या बैठका भरल्या त्या जागेत पूर्वी गुलामांचा व्यापारी माणसं कोंडून ठेवायचा. आजची इमारत १८८९ साली पुरी झाली. आणि ज्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर १८६१मध्ये जेफरसन डेव्हिसने गुलामी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, त्या पायऱ्या या चर्चच्या दारातून दिसतात. म्हणजे पेशव्यांच्या वाड्यासमोर महारांनी आपली चावडी बांधावी तसं.

पण या मंडळीबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही. तिनेकशे सभासद. त्यातले बरेचसे अलाबामा स्टेट कॉलेज या काळ्यांच्या कॉलेजातले प्राध्यापक, शाळामास्तर, विमा कंपनीतले कारकून. शहरातली गरीब काळी माणसं या चर्चला नाक मुरडायची. प्रवचनात कुणी आमेन म्हणून ओरडलं तर इथल्या बायांच्या कपाळाला आठी. आपल्याकडे ज्यांना दलित ब्राह्मण म्हणून हिणवतात त्या जातीची ही मंडळी. नोकरी टिकली पाहिजे, पोरं शिकली पाहिजेत, गोऱ्यांशी उगाच वाकडं नको. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बॅप्टिस्ट पंथात वर बिशप नसतो. पाळक कुठूनही लादला जात नाही. मंडळी स्वतः त्याला शोधते, ऐकते, मतदान करून बोलावते, पगार देते, आणि पटलं नाही तर घरी पाठवते. मंडळीतून निवडलेले डीकन असतात, इस्टेट बघणारे विश्वस्त असतात, दप्तर सांभाळणारा चिटणीस असतो. पाळक नसेल तेव्हा रविवारची उपासना डीकन लावतात, प्रवचनाला पाहुणा बोलावतात, लग्न-मयताला शेजारच्या चर्चचा पाळक येतो. वर्गणी, रविवारची शाळा, गायक मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं एरवीही मंडळीच चालवत असते. डेक्स्टरचे डीकन तर या बाबतीत बदनाम होते. पाळक म्हणजे त्यांच्या लेखी पगारी नोकर. चिटणीस रॉबर्ट नेस्बिट विमा कंपनीत काम करायचे आणि चर्चचं दप्तर त्यांच्या हाती असायचं. पाळक आले आणि गेले, नेस्बिट होतेच.

किंगच्या आधीचा पाळक व्हर्नन जॉन्स. काय माणूस होता! पुस्तकं कोळून प्यालेला आणि मातीत हात घातलेला. मंडळीला तोंडावर झोडपायचा, तुम्ही शिकलेसवरलेले भित्रे आहात म्हणायचा. वर स्वतः भाजी, कलिंगडं, मासळी विकायचा, कारण काळ्यांनी स्वतःचं अन्न पिकवून स्वतः विकलं पाहिजे हे त्याचं तत्त्व. प्रोफेसर लोकांना त्याची लाज वाटे. तो रागावून राजीनामा द्यायचा, डीकन समजूत घालायचे. असं बऱ्याचदा झालं, आणि शेवटी १९५२-५३च्या सुमारास त्यांनी राजीनामा खरंच मंजूर करून टाकला. पुलपीट रिकामं. नेस्बिट आणि त्यांची समिती नवीन पाळक शोधायला लागली. दर रविवारी नवा पाहुणा, नवं प्रवचन. २४ जानेवारी १९५४ला असाच एक पंचवीस वर्षांचा पाहुणा बोलून गेला. बोस्टनला डॉक्टरेट करत होता. मार्टिन ल्यूथर किंग. मंडळीने त्याला बोलावलं, त्याने एप्रिलमध्ये होकार कळवला, पण प्रबंध संपायचा होता म्हणून उन्हाळाभर बोस्टनहून येऊन-जाऊन काम केलं. पूर्णवेळ रुजू झाला तो सप्टेंबर १९५४मध्ये.

आता या मधल्या काळात काय झालं ते बघा. जुना पाळक गेलेला, नवा धड आलेला नाही. २१ मे १९५४. सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवून चारच दिवस झालेले. त्या दिवशी मॉन्टगोमेरीच्या महापौराला, म्हणजे मेयर गेलला, एक पत्र गेलं. भाषा सभ्य, मजकूर धमकीचा. शहरातल्या बसमधून जाणारे चारातले तीन प्रवासी काळे आहेत. ते बसले नाहीत तर बस चालणार नाही. पंचवीसहून जास्त संघटनांत बसवर बहिष्कार घालायची भाषा चालू आहे. सही जो अॅन रॉबिन्सन, अध्यक्ष, विमेन्स पॉलिटिकल कौन्सिल.

ही बाई अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि डेक्स्टरच्या बाकावर बसायची. १९४९मध्ये रिकाम्या बसमध्ये पुढच्या भागात बसली म्हणून ड्रायव्हर अंगावर धावून आला होता. बसचा कायदा ठाऊक असेल तुम्हाला. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी. काळ्याने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने बस सोडली तर पैसेही गेले आणि बसही. आपल्याकडच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीची सख्खी बहीण. विमेन्स पॉलिटिकल कौन्सिल १९४६मध्ये काढली होती मेरी फेअर बर्क्सने. तीही इंग्रजीची प्राध्यापिका, तीही डेक्स्टरची. रॉबिन्सन १९५०मध्ये अध्यक्ष झाली. म्हणजे ज्या लढ्याने किंगला किंग केलं, त्या लढ्याची पहिली नोटीस निघाली तेव्हा किंग बोस्टनच्या वाऱ्या करत होता. मी हे त्याला कमीपणा आणायला म्हणत नाही. तारखा तशा आहेत.

रुजू झाल्या झाल्या, ५ सप्टेंबर १९५४ला, किंगने मंडळीपुढे शिफारशींची लांबलचक यादी ठेवली. तिची सुरुवात वाचली तर आपल्यासारख्याचं डोकं भडकतं. पाळकाचा अधिकार नुसता मंडळीकडून येत नाही, देवाकडूनही येतो. पुढारीपण बाकावरून पुलपीटावर चढत नाही, पुलपीटावरून बाकांकडे उतरतं. असा एकूण सूर. पंचवीस वर्षांचं पोर, बापही मोठा पाळक, आणि समोर पगारी नोकर समजणारे डीकन. तेव्हा पहिल्याच दिवशी दरारा बसवायला गेला हे कळतं. पण विचार म्हणून तो मनुवादाचाच चुलतभाऊ आहे, हेही म्हटलं पाहिजे.

गंमत पुढेच आहे. ही प्रस्तावना टाकून पुढच्या कलमांवर या. मंडळीतल्या प्रत्येकाने ज्या महिन्यात तो जन्मला त्या महिन्याच्या क्लबचा सभासद व्हायचं. बारा महिन्यांचे बारा क्लब. प्रत्येक क्लबने आपले पदाधिकारी स्वतः निवडायचे. महिन्यातून एकदा बैठक, आणि आपल्या नावाच्या महिन्यात दर आठवड्याला. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबने चर्चला खास देणगी द्यायची. चर्चच्या वर्धापनदिनी प्रत्येक क्लबने किमान १०० डॉलर. पैसा इमारत निधीत. विचार करा, प्राध्यापक आणि स्वैपाकीण दोघं मार्चमध्ये जन्मले तर एकाच क्लबात. श्रीमंत-गरीब, हा गट तो गट, सगळं जन्माच्या महिन्याने कापून टाकलं. आपल्याकडे वस्तीत कमिटी करायची तर आधी कोण कुणाचा माणूस ते बघतात.

पुढे एक कलम पैशाचं. ह्या निमित्ताने वर्गणी, त्या निमित्ताने वर्गणी बंद. प्रत्येकाने वर्षाचा आकडा कबूल करायचा आणि आठवड्याला भरायचा. वेगवेगळ्या मंडळांच्या वेगवेगळ्या पेट्या बंद करून एकच खजिना. आणखी एक कलम सामाजिक आणि राजकीय कृती समितीचं. मंडळीतला प्रत्येक माणूस मतदार झालाच पाहिजे, काळ्यांच्या हक्कासाठी लढणाऱ्या एनएएसीपीचा सभासद झालाच पाहिजे. त्या समितीवर कोण? मेरी फेअर बर्क्स आणि जो अॅन रॉबिन्सन. म्हणजे ज्या बायका आधीपासून कामाला लागल्या होत्या, त्यांच्याच कामावर पाळकाने चर्चचा शिक्का मारला.

माझं मत असं की किंगने लिहिली प्रस्तावना राजाची आणि कलमं लिहिली ती राजा नसला तरी राज्य चालेल अशी. कोण बोलावणार, कोण पैसे घेणार, कोण हिशेब देणार, कोणत्या महिन्यात कुणाची पाळी, हे सगळं कागदावर. त्याला ते त्या वेळी उमगलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. संध्याकाळी रोझा पार्क्सला बसमध्ये अटक झाली. ती डेक्स्टरची नव्हे, दुसऱ्या चर्चची. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिन या पोरीलाही अशीच अटक झाली होती. रॉबिन्सनला रात्री बातमी कळली. तिने कुणाची परवानगी मागितली नाही. पाळकाला उठवलं नाही. सोमवारी बसमध्ये बसू नका, एवढ्या मजकुराचं पत्रक तिने लिहिलं आणि मध्यरात्री कॉलेज गाठलं. कॉलेजातल्या जॉन कॅनन नावाच्या प्राध्यापकाच्या हाती सायक्लोस्टाईल मशीन होतं. तो, ती आणि तिचे दोन विद्यार्थी. एका कागदावर तीन पत्रकं बसवायची, छापायची, कापायची, गठ्ठे बांधायचे. पहाटे चारपर्यंत हजारो पत्रकं.

ज्यांनी सायक्लोस्टाईल फिरवलंय त्यांना हे दोन ओळींत कळेल. तुम्ही पोरं मोबाईलवर बोट फिरवून हजार लोकांना निरोप धाडता, म्हणून जरा सांगतो. मेणाचा स्टेन्सिल कागद टाईपरायटरवर चढवायचा, रिबन सोडवून ठेवायची, अक्षरं नुसती कोरायची. चूक झाली तर लाल द्रव लावून, वाळवून परत कोरायचं. एखादा ‘ठ’ जोरात बसला की गोल तुकडाच पडतो आणि पानभर शाईचे डोळे. मग स्टेन्सिल ड्रमवर ताणायचं, शाई घालायची आणि हँडल मारायचं. शंभर-दोनशेनंतर खांदा भरून येतो. शाई नखांत जाते ती आठवडाभर निघत नाही. आमची अनियतकालिकं याच मशीनवर निघत. एका ऑफिसात शिपाई असलेला आमचा मित्र रविवारी गुपचूप मशीन उघडून द्यायचा. दोनशे प्रती काढल्या की आम्हाला क्रांती केल्यासारखं वाटायचं. त्या बाईने एका रात्रीत हजारो काढल्या, आणि त्या सरकारी कॉलेजच्या मशीनवर. पकडली गेली असती तर नोकरी गेली असती, आणि कॉलेजचं अनुदानही. नंतर कॉलेजच्या अध्यक्षांनी बोलावून जाब विचारला तेव्हा तिने खरं ते सांगितलं आणि कागदाचे पैसे संघटनेच्या निधीतून भरून दिले. फुकटचा कागद घेतला नाही. आमच्यापेक्षा सरळ बाई.

चार ते सात तिने आणि दोन विद्यार्थ्यांनी वाटपाचे रस्ते आखले. कोणत्या शाळेत, कोणत्या दुकानात, कोणत्या केशकर्तनालयात कुणाच्या हाती गठ्ठा द्यायचा ते. आठ वाजता ती वर्गावर शिकवायला उभी होती. वर्ग संपल्यावर वाटपाला निघाली. पत्रकावर तिचं नाव नव्हतं.

किंगला शुक्रवारी सकाळी ई. डी. निक्सनचा फोन आला. निक्सन रेल्वेतल्या पोर्टरांच्या युनियनचा माणूस, शहरातला जुना लढवय्या. किंग म्हणाला, थोडा विचार करू द्या, परत फोन करा. निक्सनने परत फोन केला तोवर त्याचा होकार होता. संध्याकाळची बैठक डेक्स्टरच्या तळघरात ठरली होती, कारण चर्च शहराच्या मध्यात पडतं. त्या रात्री रॉबिन्सनचाच मजकूर छाटून, सोमवारच्या जाहीर सभेची ओळ घालून नवं पत्रक केलं, आणि ते चर्चच्या सायक्लोस्टाईलवर निघालं. शनिवारी बायका-पोरांची फौज गठ्ठे घेऊन घरोघर गेली. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. दुपारी नवी संघटना झाली, मॉन्टगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन. अध्यक्ष म्हणून किंगचं नाव सुचवलं ते रूफस लुईसने. तो कोण? डेक्स्टरच्याच बाकावरचा माणूस. पुढारीपण पुलपीटावरून बाकांकडे उतरतं असं पंधरा महिन्यांपूर्वी लिहिणाऱ्याला बाकावरच्या माणसाने हात धरून वर चढवलं.

पुढचे ३८१ दिवस सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून पटकन जातो. सुमारे ३०० गाड्यांची वाहतूक बांधली, तिची व्यवस्था आधी लुईसकडेच होती. असोसिएशनचं बातमीपत्र रॉबिन्सन काढायची. ३० जानेवारी १९५६ला किंगच्या घरावर बाँब पडला तेव्हा तो सभेत होता. घरात बायको कोरेटा, तान्ही मुलगी आणि सोबतीला आलेली मंडळीतली एक बाई. पाळक बाहेर असताना त्याच्या घरात मंडळी अशी होती. खटले झाले, दंड झाला. कोर्टाचा हुकूम २० डिसेंबर १९५६ला शहरात पोचला, आणि दुसऱ्या दिवशी काळे लोक बसच्या पुढच्या बाकावर बसले.

त्याच डिसेंबरच्या ६ तारखेला आपण काय गमावलं ते मी सांगायला नको. चौदा ऑक्टोबरला दीक्षा, आणि आठ आठवडे पुरे व्हायच्या आत बाप गेला. लाखो माणसं नवा धम्म घेऊन उभी, आणि शिकवायला भिक्खू नाहीत. गावोगाव विहार नाही, वंदना पाठ नाही, लग्न कसं लावायचं ठाऊक नाही. पण बाबासाहेबांनी नागपूरलाच सांगून ठेवलं होतं की प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार आहे. आणि भारतीय बौद्ध महासभा १९५५मध्येच स्थापन झाली होती. मग शाळामास्तर, गिरणी कामगार, रेल्वेचे खलाशी हे बौद्धाचार्य झाले. वहीत त्रिशरण-पंचशील उतरवून घेतलं आणि लग्नं लावली. हा आपला इतिहास कुणी नीट लिहिलेला नाही. सगळ्यांना पुढारी कसे भांडले तेच लिहायचं असतं.

त्याच्याही आधी नाशिक आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला, आणि त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले. पुढच्या वर्षी परत गेले. सत्याग्रह मात्र नाशिकला चालूच राहिला. कोण चालवत होतं? भाऊराव गायकवाड, आपले दादासाहेब. पत्रं जायची, पत्रं यायची, पण रोज सकाळी दारात कुणी बसायचं, लाठी खाल्लेल्याला कुठे न्यायचं, पीठ कुठून आणायचं, हे लंडनहून ठरत नव्हतं.

उलट उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. आमच्या वस्तीतल्या विहारातले भंते एकदा काही महिन्यांसाठी परगावी गेले. विहाराला कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या खिशात, अध्यक्ष मंत्रालयाच्या पायऱ्यांवर. पौर्णिमेला बाया फुलं घेऊन आल्या, कुलपाकडे बघून परत गेल्या. दानपेटीसुद्धा आत अडकलेली. हिशेब तर विचारूच नका.

आता खऱ्या रजेकडे. बहिष्कार जिंकल्यावर किंग जगाचा झाला. मार्च १९५७मध्ये घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्याला गेला. प्रवचनं, सभा, मुलाखती, विमानं. २० सप्टेंबर १९५८ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पुस्तकावर सह्या देत असताना एका मनोरुग्ण बाईने त्याच्या छातीत कागद कापायची सुरी खुपसली. पातं महाधमनीला टेकलं होतं, शिंकला असता तरी मेला असता असं डॉक्टर म्हणाले. महिनाभराने तो मॉन्टगोमेरीला परतला. विश्रांती घ्यायलाच हवी होती. बऱ्याच दिवसांपासून भारतात जायचं मनात होतं, तेव्हा या विश्रांतीतच तो बेत ठरला. फेब्रुवारी १९५९च्या सुरुवातीला निघाला तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात परतला. बरोबर कोरेटा आणि त्याचं चरित्र लिहिणारे प्राध्यापक लॉरेन्स रेडिक.

ते सहा आठवडे मंडळीने काय केलं? काही भव्य नाही केलं. उपासना चालू. नियमाप्रमाणे पहिला महिना फेब्रुवारी क्लबचा, दर आठवड्याला त्यांची बैठक, शेवटच्या रविवारी त्यांची देणगी. मग पाळी मार्च क्लबची. डीकन आहेत, विश्वस्त आहेत, नेस्बिट आहेत. तीनेक वर्षं बहिष्कार, खटले, बाँब यांत पाळक निम्मा वेळ बाहेरच असायचा, त्यामुळे ही सवय हाडात मुरली होती. जी मंडळी पाळकाला नोकर समजण्याबद्दल बदनाम होती, तिचा तोच अवगुण इथे उपयोगी पडला. ती त्याच्यावर प्रेम करायला शिकली होती, पण त्याच्यावाचून अडून बसायला शिकली नव्हती.

आणि पाळकाने रजेत काय पाहिलं? मुंबईत विमानतळावरून ताज हॉटेलला जाताना फूटपाथवर झोपलेली माणसं पाहिली, त्यावर तो पुढे बोलला आणि लिहिलाही. दिल्लीत नेहरूंबरोबर जेवला. यजमान गांधी स्मारक निधीचे लोक, तेव्हा दाखवलेलं सगळं गांधींचं. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं आणि दोन महिने झाले होते. २२ मार्च १९५९ला, परतल्यावर, त्याने डेक्स्टरच्या पुलपीटावरून गांधींवर प्रवचन दिलं. त्यात अस्पृश्यांसाठीच्या उपोषणाची गोष्ट आहे, ती गांधींच्या बाजूने. येरवड्यात १९३२मध्ये स्वतंत्र मतदारसंघ सोडताना आपल्या बापावर काय दडपण होतं ते मॉन्टगोमेरीच्या बाकांपर्यंत पोचलं नाही. यजमान निवडताना पाहुण्याने सावध असावं, दुसरं काय.

पण त्याच प्रवासातली एक गोष्ट त्याने ४ जुलै १९६५च्या प्रवचनात सांगितली. केरळात तिरुवनंतपुरमला अस्पृश्यांच्या मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकाने त्याची ओळख करून दिली, ती अमेरिकेतला आपलाच एक अस्पृश्य भाऊ अशी. क्षणभर त्याला अपमान वाटला. मग त्याने आपल्या देशातल्या काळ्यांच्या वस्त्या, शाळा, पगार मनात आणले आणि कबूल केलं की होय, मी अस्पृश्य आहे. गांधीवाद्यांनी महिनाभर दाखवलं त्यात नसलेली गोष्ट एका शाळामास्तराने एका वाक्यात दाखवली.

रजेहून आल्यावर आठ महिन्यांत, २९ नोव्हेंबर १९५९ला, किंगने डेक्स्टरचा राजीनामा दिला. चार-पाच माणसांचं काम एकट्याने करतोय, मंडळीला न्याय देता येत नाही, असं म्हणाला. जानेवारी १९६०च्या अखेरीला अटलांटाला, बापाच्या चर्चमध्ये गेला. मंडळीने निरोप दिला. परत समिती, परत पाहुणे, परत नवा पाळक.

निरोपानंतर महिना झाला नाही तोच, २५ फेब्रुवारी १९६०ला अलाबामा स्टेट कॉलेजचे विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसले. राज्यपाल पॅटरसनने कॉलेजवर वरवंटा फिरवला. विद्यार्थी काढले. रेडिकला, जो किंगबरोबर भारत फिरून आला होता, जूनमध्ये बडतर्फ केलं. रॉबिन्सन आणि बर्क्स दोघींना कॉलेज सोडावं लागलं. पाळकाचं नाव जगभर होतं, दुसऱ्या शहरात त्याला पुलपीट होतं. या दोघी गाव सोडून, सामान बांधून, नवी नोकरी शोधत गेल्या. रॉबिन्सन शेवटी लॉस एंजेलिसच्या शाळांत शिकवू लागली. सुरुवातीला मी म्हटलं होतं ना, नोकरी सांभाळणारी, गोऱ्यांशी वाकडं नको म्हणणारी मंडळी. त्यांच्याच बाकावरून या दोघी उठल्या होत्या.

चर्चचं नाव १९७८मध्ये बदललं. आता ते डेक्स्टर ॲव्हेन्यू किंग मेमोरियल बॅप्टिस्ट चर्च. तळघरात भिंतभर चित्र आहे, किंगच्या आयुष्याचं. जो अॅन रॉबिन्सनने आपली आठवण पुस्तकरूपाने छापली ती १९८७मध्ये, त्या रात्रीनंतर बत्तीस वर्षांनी. इतिहासकार डेव्हिड गॅरोने ते संपादित केलं. पुस्तकाच्या नावातच तिने लिहून टाकलं आहे की मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार बायकांनी सुरू केला. १९९२मध्ये ती वारली.